फुकटाच्या खाली

"फुकटाच्या खाली काय असतं, बुवा?"

रंगनाथबुवांनी डोळे उघडले नाहीत.

"आधी बस," ते म्हणाले.

भगवंत बसला. कासार आळीपासून टेकडीवरच्या कालिकेच्या देवळापर्यंतचा चढ तो भर उन्हात एका दमात चढून आला होता, आणि दम लागलाय हे त्याला दाखवायचं नव्हतं. काखेत एक गाठोडं होतं. ते मात्र त्याने फार जपून मांडीवर ठेवलं.

देवळाच्या मागच्या ओट्यावर बुवांची बैठक. ओट्याला दगडी कठडा. कठड्यापलीकडे काही नाही, सरळ तुटलेला कडा.

बुवा एके काळी आळीतले नावाजलेले कासार. बायकांच्या हातात बांगडी कशी भरायची हे त्यांनी दोघांना शिकवलं. एक हा भगवंत आणि दुसरा मुरलीधर. दोघं तयार झाले तशी बुवांनी आपली बांगड्यांची पेटी उचलून देवीपुढे ठेवली आणि ते टेकडीवरच राहिले.

शिष्यांनी दुकानं थाटली, तीही अगदी समोरासमोर. तेव्हा दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. इकडून हाक मारली की तिकडून ओ यावी, एवढ्याचसाठी त्यांनी तशा जागा शोधल्या होत्या. दुकानामागेच दोघांची घरं.

आता हाक कुणीच मारत नव्हतं. दोघांच्या वतीने पाट्या भांडत होत्या.

पहिल्यांदा मुरलीने भाव थोडा उतरवला. एका गरीब बाईची अडचण बघून उतरवला, असं मुरलीचं म्हणणं. तो डाव होता, असं भगवंताचं. खरं काय ते देवीला ठाऊक. भगवंताने त्याच दिवशी आपली पाटी पुसून आणखी खाली लिहिलं. मग मुरलीने, मग पुन्हा भगवंताने. आळीतल्या बायकांची चंगळ झाली. सकाळी इकडे हात भरायचा आणि चार दिवसांनी हौस म्हणून तिकडे. दोघा कासारांच्या घरी चूल कशावर पेटते हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, आणि ते साहजिकच होतं.

शेवटी भगवंताने पाटीवरचा आकडाच पुसून टाकला आणि लिहिलं, फुकट.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पाटीवरही तोच शब्द होता.

"बसलो," भगवंत म्हणाला. "आता सांगा. फुकटाच्या खाली काय?"

"कुणी विचारलं?"

"मी विचारतोय."

"तुला कुणी विचारलं?"

भगवंत जरा चाचरला.

"एक गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "भर दुपारी येतं. आळीत चिटपाखरू नसतं तेव्हा. मी मान खाली घालून बांगड्या ओवत असतो. समोर हात येतो."

"हात?"

"कासारानं हात बघायचा, तोंड बघायचं नाही. तुमचीच शिकवण. मी हातच बघतो."

"कसा आहे?"

"गार."

बुवांनी डोळे उघडले.

"एवढ्या उन्हातनं येऊनसुद्धा गार," भगवंत म्हणाला. "आणि मऊ. दाबावा लागत नाही, चोळावा लागत नाही. बांगडी नुसती पुढं धरली की आत जाते. मधे हाडच लागत नाही, बुवा. असा हात मी जन्मात बघितला नाही."

"भरल्यावर बांगड्या वाजतात?"

"म्हणजे?"

"हात हलवल्यावर. वाजतात का?"

भगवंताने आठवून बघितलं. जन्मभर ज्या आवाजात तो वाढला, तो आवाज त्या हाताला नव्हता आणि ते त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "वाजत नाहीत."

"नमस्कार करते?"

हात भरून झाला की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. सावकाराची सून असो की धुण्याभांड्याला जाणारी, नमस्कार केल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही.

"नाही... करत नाही."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. हात रिकामा. आदल्या दिवशीची एकही बांगडी नसते. मी पुन्हा भरतो."

"रोज?"

"रोज." भगवंताने मान ताठ केली. "आपण गिऱ्हाईक तुटू देत नाही."

बुवांच्या शिष्याला हे गिऱ्हाईक आहे याचाच अजून आनंद होता. तो आनंद बघून म्हाताऱ्याला रडावं की हसावं ते कळेना.

"बोलते का काही?"

"एवढंच. भरून झालं की रोज विचारते, 'अजून कमी नाही होणार?'"

"मग तू?"

"मी म्हटलं, बाई, फुकट आहे. याच्याखाली कुठं जाऊ? तर म्हणते, 'समोर याहून कमी आहे.'"

भगवंताने मांडीवर मूठ आपटली.

"मुरली! फुकटाच्याही खाली उतरला हा माणूस, आणि मला पत्ता नाही. रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही माझ्या. समोरच्या दुकानात असं काय देत असेल तो?"

"मग?"

"मग काल मी तिलाच विचारलं. बाई, तुम्हीच सांगा काय देऊ. ती बोलली नाही, नुसतं बोट उचललं. माझ्या मागं, घराच्या दाराकडं."

"दारात कोण होतं?"

"कोण असणार? आमची अनसा. जेवायला बोलवायला आली होती."

वारा होता तो पडला. खाली गावात कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

"गाठोडं सोड," बुवा म्हणाले.

भगवंताने गाठोडं ओट्यावर ठेवून गाठ सोडली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. नव्या नव्हेत. वापरून वापरून त्यांची चमक गेली होती.

"एकसुद्धा फुटली नाही," तो म्हणाला. आवाजात अजून ऐट होती. "भरल्या हातातनं सगळ्या अखंड उतरवल्या. आळीत दुसऱ्या कुणाला जमणार नाही हे. मुरलीलासुद्धा नाही."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"एक ठेवली असशील."

भगवंत गाठोड्याची टोकं सारखी करू लागला.

जुन्या बांगड्या उतरवताना एक हातात ठेवायची. नवी आत गेली की मगच ती काढायची. नवरा जिवंत आहे त्या बाईचा हात घटकाभरही रिकामा राहता कामा नये. हे आळीतल्या पोरीबाळींनाही माहीत असतं. कासाराला ते कुणी शिकवत नाही, कारण त्यात कासार चुकेल असं कुणाच्या मनात येत नाही.

"अनसा म्हणत होती, एक तरी राहू द्या," भगवंत म्हणाला. "मी म्हटलं, एक कमी दिली आणि तेवढ्यापायी गिऱ्हाईक समोर गेलं तर? आणि संध्याकाळी भरणारच आहे की तिला नव्या. चांगल्या लाखेच्या भरीन."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही... हात पदराखाली घेऊन बसली."

हे सांगताना त्याची नजर पहिल्यांदा खाली गेली. त्याला वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं की समोरच्या पाटीकडे बघायचं, म्हणजे ते मरून जातं, ही युक्ती त्याला सापडून बरेच दिवस झाले होते.

"आज या देणार तिला," तो म्हणाला. "मग बघू समोर काय देतात ते. तुमचा आशीर्वाद घ्यावा म्हणून आलो. आणि एक सांगू? आज मुरलीचं दुकान अजून उघडलेलंच नाही. हरला तो, बुवा. मला कळतंय ना, हरला तो."

बुवांनी त्या बांगड्यांवरून नजर उचलली.

"तू बसलास ना," ते म्हणाले, "सकाळी तिथंच तो बसला होता."

"कोण?"

"मुरली."

भगवंत चटका बसल्यासारखा उठला.

"कशाला आला होता?"

"फुकटाच्या खाली काय असतं ते विचारायला."

भगवंत पुन्हा खाली बसला.

"मला वाटलं दोघं मिळून ठरवून आलात की काय. मग म्हटलं, एवढं सुख कुठलं आपल्या नशिबात."

"त्याच्याकडं पण येते ती?"

"येते."

"आणि त्याला काय म्हणते?"

"समोर याहून कमी आहे."

"खोटं!" भगवंत ओरडला. "साफ खोटं! मी अजून काहीच दिलेलं नाही!"

"तोही असाच ओरडला."

टेकडीवर एकदम फार शांत वाटलं. ओरडल्याचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत यायला हवा होता. तो आला नाही.

"बुवा... बोट?"

"त्यालाही दाखवलं. दारात काशी उभी होती."

काशी म्हणजे मुरलीची बायको. तिच्या लग्नाचा चुडा भगवंताने भरला होता. मुरलीने हट्टच धरला होता, चुडा भरेल तर माझा भाऊच भरेल, दुसरा कासार मांडवात नको. सख्खा भाऊ नसताना भाऊ म्हणाला होता. भगवंताने त्या दिवशी पेटीतल्या सगळ्यात चांगल्या बांगड्या काढल्या होत्या आणि एक पै घेतली नव्हती. ते फुकट आणि पाटीवरचं फुकट, दोन्ही त्याला एकदम आठवली.

"तुम्ही त्याला अडवलं नाहीत?"

"अडवलं."

"मग?"

"दुकानदार गिऱ्हाईकाचं ऐकतो, भगवंता. माझं कशाला ऐकेल?"

"कुठं गेला तो?"

"घरी. काशीच्या हातातल्या उतरवायला."

सूर्य डोक्यावर आला होता. देवळाच्या शिखराची सावली सरकत सरकत भिंतीच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. भगवंताने आपल्या पायांकडे बघितलं. तिथेही सावली नव्हती.

मग कठड्यावर हात आला.

पलीकडून आला. जिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती, तिकडून. दगडावर अलगद टेकला आणि तसाच राहिला, बांगडी भरायला पुढे करतात तसा. मनगट रिकामं होतं.

भगवंत बसल्या जागी मागे सरकला.

"ही... ही इथं कशी आली?"

"तू गिऱ्हाईक तुटू देत नाहीस ना," बुवा म्हणाले.

"अजून कमी नाही होणार?"

आवाज साधा होता. मंडईत भाजी घेताना कुठल्याही बाईचा असतो तसाच. म्हणूनच भगवंताच्या अंगावर काटा आला. तो आवाज भरलेल्या घरातला होता आणि हात कड्यापलीकडून आलेला होता.

त्याची बोटं आपसूक गाठोड्याकडे गेली. इतक्या वर्षांची सवय. हात पुढे आला की बांगडी उचलायची.

"आधी भाव सांग," बुवा म्हणाले.

"भाव?"

"गिऱ्हाईकाला आधी भाव सांगतात. दुकान टाकलंत त्या दिवशीचा सांग. पाटीवर पहिल्यांदा लिहिलास तो."

भगवंताने तोंड उघडलं. मुरलीने कधी किती उतरवला, आपण कधी किती, सगळं त्याला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी त्याने घडाघड म्हणून दाखवलं असतं. पण पहिला भाव... तो कुठेच नव्हता. ज्याच्यापासून उतरायला सुरुवात केली तो आकडा त्याच्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

"आठवत नाही, बुवा," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं. "काय होता हो? मला आठवत नाही."

बुवांनी सांगितलं नाही.

कठड्यावरची बोटं किंचित हलली. दे लवकर, असं म्हणत होती.

भगवंताने एक बांगडी उचलली. उचलताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. बांगडीला आतल्या बाजूने पीठ चिकटून वाळलं होतं. सकाळच्या भाकरीचं. भाकरी थापता थापता त्याने अनसाला उठवलं होतं, हात धुवायलाही सवड दिली नव्हती.

तो त्या पिठाकडे बघत राहिला.

"या विकायच्या नाहीत," तो म्हणाला.

हात हलला नाही.

"फुकटसुद्धा नाहीत," भगवंत म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "या बायकोच्या हातातल्या आहेत. यांना भाव नाही. बाई, तुम्ही जा."

मग तोच साधा आवाज आला.

"मग समोर बघते."

हे वाक्य ऐकलं की दुकानदार जागच्या जागी उठतो. जाणाऱ्या गिऱ्हाईकाला पायरीवरून परत बोलवायचं, अहो या, या तर खरं, घ्या, तुम्ही म्हणाल तसं, हे त्याला शिकावं लागत नाही. भगवंतही उठला. "अहो बाई, या..." एवढे शब्द ओठांपर्यंत आलेही.

बुवांनी झटक्यात पुढे होऊन त्याच्या तोंडावर आपला तळवा दाबला.

म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. भगवंत धडपडला, गुदमरला. तळवा ढळला नाही.

हात कठड्यावरून मागे गेला. पाऊल वाजलं नाही, दगड घसरला नाही. कड्याखाली झाडांची पानं तशीच निश्चल होती.

मग बुवांनी तळवा काढला.

भगवंताने दोन-तीन मोठे श्वास घेतले. मग त्याच्या ध्यानात आलं.

"ती समोर गेली," तो म्हणाला.

"हं."

"मुरलीला वाटतंय मी दिल्या."

"हं."

"तो देईल. सगळ्या देईल. एकसुद्धा ठेवणार नाही..."

मुरलीचं दुकान बसावं म्हणून भगवंताने याच देवीपुढे कितीतरी नारळ वाढवले होते. आता त्याला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं इथे ओट्यावर टेकून बसलं की झालं. संध्याकाळपर्यंत आळीत एकच दुकान राहिलं असतं आणि समोर बघायला काही उरलं नसतं.

त्याला भीती वाटली. आतापर्यंत वाटली नव्हती अशी. कड्याकडून आलेल्या हाताची नव्हे. समोरच्या बंद फळ्यांकडे तोंड करून उरलेलं आयुष्य बसावं लागेल, त्याची. त्याला मुरली हवा होता. भांडायला का होईना, पण हवा होता.

त्याने गाठोडं भराभर बांधलं, छातीशी धरलं आणि पायऱ्यांकडे धावला. दोन घरं समोरासमोर, एकाच धावेत दोन्ही गाठता येतील. अनसाचा हात भरायचा आणि समोरच्या उंबऱ्यात पाय रोवायचा. ती पोचायच्या आधी.

पहिल्याच पायरीवर तो थबकला.

"बुवा, तो माझं ऐकायचा नाही."

"का?"

"किती दिवस झाले, आम्ही बोलत नाही. मी काही सांगायला गेलो तर त्याला डावच वाटणार. देऊ नको म्हटलं तर तो दोन जास्त देईल. काय सांगू त्याला? काय सांगितलं म्हणजे तो थांबेल?"

बुवा कठड्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सांग त्याला... समोरचा महाग झाला."